दाबाचा आकडा वाचण्याआधी छाती पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘रुग्ण व्हेंटिलेटरवर आहे’ असे छापून आले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते. माणूस निपचित पडला आहे आणि यंत्र त्याच्या छातीत हवा भरते आहे. काही रुग्णांच्या बाबतीत ते खरेही असते. पण व्हेंटिलेटर लावलेले पुष्कळ रुग्ण स्वतःच श्वास घेत असतात, यंत्र त्या श्वासाला फक्त जोड देते. या पद्धतीला आम्ही ‘प्रेशर सपोर्ट’ म्हणतो, म्हणजे दाबाचा आधार. नातेवाइकांच्या कानावर हा शब्द पडतो, त्याबरोबर एक आकडा येतो आणि मग हिशेब सुरू होतो: काल सपोर्ट सोळा होता, आज आठ आहे, म्हणजे रुग्ण निम्मा सुधारला. हा हिशेब चुकीचा आहे. तो का चुकतो हे नीट कळावे म्हणून हे पत्र. लांबले आहे, पण दोन ओळींत सांगण्याजोगा हा विषय नाही.

आपण एरवी श्वास घेतो तेव्हा छातीच्या तळाशी असलेला घुमटासारखा स्नायू, म्हणजे श्वासपटल, आकसून खाली सरकतो. बरगड्या वर व बाहेर येतात, छातीतला दाब वातावरणापेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आपोआप आत ओढली जाते. व्हेंटिलेटर उलटे करतो, तो बाहेरून दाब वाढवून हवा आत ढकलतो. प्रेशर सपोर्टमध्ये ही दोन्ही कामे एकाच वेळी चालतात. रुग्ण आतून ओढतो, यंत्र बाहेरून ढकलते. चढावर हातगाडी ओढणाऱ्याला मागून कोणी हात द्यावा, तसे हे आहे. गाडी किती वेगाने वर गेली यावरून पुढच्याने किती जोर लावला हे कळत नाही. सगळा घोळ इथेच होतो.

एक श्वास जवळून पाहू. दाब मोजायचे एकक ‘सेंटिमीटर पाणी’ हे आहे. १० सेंटिमीटर म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब, वातावरणाच्या दाबाच्या साधारण एक टक्का. श्वास सोडून झाल्यावरही नळ्यांमध्ये थोडा दाब राखलेला असतो, म्हणजे फुप्फुसातल्या सूक्ष्म पिशव्या मिटत नाहीत. याला पीप म्हणतात आणि तो बहुधा ५ पासून सुरू होतो. उच्छ्वासाच्या अखेरीस यंत्र नळ्यांमधून हवेचा बारीक प्रवाह सतत फिरवत असते. जेवढी हवा पाठवली तेवढी परत आली, तर रुग्ण स्वस्थ आहे. रुग्णाने श्वास ओढायला सुरुवात केली की त्यातली थोडी हवा त्याच्याकडे वळते. परत येणारा प्रवाह मिनिटाला साधारण २ लिटरने कमी पडला की यंत्र ओळखते, माणसाने श्वास मागितला. हा झाला ट्रिगर. काही यंत्रांत प्रवाहाऐवजी दाबातली घट पाहतात, १ ते २ सेंटिमीटरची.

त्यानंतर सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागात झडप उघडते आणि दाब ठरवलेल्या पातळीवर चढतो. पीप ५ आणि सपोर्ट १० असेल, तर नळीतला दाब १५ होतो. तो किती झटकन चढवायचा हेही ठरवता येते, सर्वसाधारणपणे ०.१ ते ०.२ सेकंद ठेवतात. फार हळू चढवला तर धाप लागलेल्या माणसाला हवा पुरत नाही, तो आणखी जोराने ओढतो. फार झपाट्याने चढवला तर सुरुवातीलाच दाब उसळी मारतो आणि श्वास अर्ध्यावर तुटू शकतो. एकदा पातळी गाठली की यंत्र दाब तिथेच धरून ठेवते, आणि त्यासाठी लागेल तेवढी हवा देत राहते. आधी प्रवाह जोरात असतो, फुप्फुस भरत जाते तसा तो मंदावतो. पडद्यावर दाबाची रेघ चौकोनी दिसते आणि प्रवाहाची रेघ उंच चढून उताराला लागते.

आता श्वास संपवायचा कधी? प्रेशर सपोर्टचे वेगळेपण या प्रश्नात आहे, आणि सर्वाधिक चुकाही इथेच होतात. यंत्र घड्याळ पाहून थांबत नाही, ठरावीक मिलिलिटर हवा गेली म्हणूनही थांबत नाही. ते प्रवाहाकडे पाहते. सर्वांत जास्त प्रवाह किती होता हे लक्षात ठेवते आणि प्रवाह त्याच्या २५ टक्क्यांवर उतरला की दाब सोडून देते. प्रवाहाचे शिखर मिनिटाला ६० लिटर असेल, तर १५ लिटरवर श्वास संपला. ही टक्केवारी बहुतेक यंत्रांवर बदलता येते. पण ती तशीच २५ वर राहून जाते. रुग्ण बदलला, आजार बदलला, तरी पाहिली जात नाही.

म्हणजे श्वास कधी सुरू करायचा, किती खोल घ्यायचा, कधी सोडायचा, यात रुग्णाचा मोठा वाटा आहे. यंत्राकडे ठरलेली गोष्ट एकच, दाब. मिनिटाला इतके श्वास द्यायचेच, असे बंधन इथे नसते. म्हणून ज्याचा मेंदू श्वासाची आज्ञाच देत नाही, ज्याला स्नायू शिथिल करणारे औषध चालू आहे किंवा जो गाढ गुंगीत आहे, त्याला ही पद्धत लावायची नाही. रुग्ण श्वास घ्यायचा थांबला तर यंत्र ठरावीक वेळ वाट पाहते, बहुधा २० सेकंदांच्या आसपास, आणि मग घंटा वाजवून ठरलेल्या वेगाने स्वतः श्वास देऊ लागते. ही राखीव सोय चालू आहे आणि तिचे आकडे त्या रुग्णाला साजेसे आहेत, हे पद्धत बदलतानाच पाहायचे असते.

आता तो आकडा. फुप्फुस आणि छाती मिळून किती लवचीक आहेत हे ‘एक सेंटिमीटर दाबाला किती मिलिलिटर हवा मावते’ या मापात सांगतात. समजा एका रुग्णात ते ४० आहे. यंत्राचा सपोर्ट १०, रुग्णाच्या स्नायूंचा जोर ३. फुप्फुसाला भरायला पुरेसा वेळ मिळाला तर आत जाणारी हवा १३ गुणिले ४०, म्हणजे ५२० मिलिलिटर. दुसऱ्या दिवशी फुप्फुसात पाणी साचले आणि तेच माप २५ वर घसरले. रुग्णाने पूर्वीइतकाच जोर लावला असता तर ३२५ मिलिलिटर हवा गेली असती, यंत्राने घंटा दिली असती आणि कोणीतरी धावत आले असते. पण माणूस तसे होऊ देत नाही. त्याच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदू जोर वाढवायला लावतो. स्नायूंचा जोर ३ वरून ९ झाला. आता १९ गुणिले २५, म्हणजे ४७५. पडद्यावर सपोर्ट तोच १०, हवा ५२० च्या जागी ४७५. कागदावर जवळपास कालच्यासारखेच. प्रत्यक्षात रुग्ण तिप्पट कष्ट करतो आहे आणि फुप्फुसाला ताणणारा दाब १३ वरून १९ वर गेला आहे. यंत्राच्या पडद्यावर त्यातले फक्त १० दिसतात.

म्हणून रुग्णाच्या खाटेशी पहिल्यांदा पाहायची गोष्ट पडदा नव्हे. मानेकडे पाहा. कानामागून गळ्याच्या हाडाकडे उतरणारा स्नायू प्रत्येक श्वासाला दोरीसारखा ताठ होतो का? त्यावर बोट ठेवले तर आकसणे हाताला लागते. नाकपुड्या फुलतात का, गळ्याची खाच आत ओढली जाते का, छाती वर येताना पोट आत जाते का, श्वास सोडताना पोट कडक होते का? कपाळावर घाम, चेहऱ्यावर घाबरलेपण. मिनिटाला श्वास ३०-३५ च्या पुढे. यांतली दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली तर आधार कमी पडतो आहे, आकडा काहीही असो. अनेक आधुनिक यंत्रे श्वासाच्या पहिल्या दशांश सेकंदात, वाट बंद असताना, रुग्ण किती जोराने ओढतो हे मोजून दाखवतात. हे माप साधारण १ ते ४ सेंटिमीटरच्या दरम्यान असावे. ४ च्या वर गेले तर ओढ फार आहे, १ च्या खाली असेल तर फारच कमी. ते मिळत असेल तर जरूर वापरावे, पण गळ्यावरच्या बोटाला ते पर्याय नाही.

हवा किती जावी यालाही मर्यादा आहे, आणि ती रुग्णाच्या प्रत्यक्ष वजनावर नव्हे तर उंचीवर ठरते, कारण माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठे होत नाही. उंचीवरून अपेक्षित वजन काढायचे स्त्रीसाठी सूत्र असे: उंचीच्या सेंटिमीटरमधून १५२.४ वजा करा, ०.९१ ने गुणा, त्यात ४५.५ मिळवा. पुरुषासाठी शेवटी ५० मिळवा. १६५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे हे वजन ५७ किलो येते. प्रत्येक किलोला ६ ते ८ मिलिलिटर या हिशेबाने एका श्वासात सुमारे ३४० ते ४५५ मिलिलिटर हवा पुरते. तिला श्वासागणिक ६५० मिलिलिटर हवा जात असेल तर दोनच शक्यता आहेत. आधार जास्त झाला आहे, किंवा ती स्वतः प्रचंड ओढते आहे. पहिल्यात आधार कमी करायचा. दुसऱ्यात नुसता आधार कमी केला तर ती आणखी ओढील. तिथे ताप, वेदना, रक्तातली आम्लता, ऑक्सिजनची कमतरता, तुंबलेले मूत्राशय अशी कारणे शोधावी लागतात. आकडा एक, उपाय दोन.

आधार जास्त झाल्याने होणारे नुकसान शांत असते. रुग्ण निवांत दिसतो, श्वास मिनिटाला १२-१४, घंटा वाजत नाही, सगळ्यांना बरे वाटते. पण गाडी मागचाच ढकलत असेल तर पुढच्याचे हात नुसते दांड्यावर राहतात. श्वासपटल फार लवकर क्षीण होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे तपासले होते. १८ ते ६९ तास श्वासपटल पूर्ण निष्क्रिय राहिल्यावर त्यातल्या स्नायुतंतूंच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ निम्म्याहून अधिक घटलेले आढळले. ते रुग्ण प्रेशर सपोर्टवर नव्हते, यंत्र पूर्ण श्वास देत होते. पण आधार गरजेपेक्षा फार ठेवला की आपण त्याच दिशेने जातो. रात्रीचा प्रश्न वेगळाच आहे. झोपेत मेंदू कार्बन डायऑक्साइड थोडा जास्त चालवून घेतो. सपोर्ट मोठा असेल तर प्रत्येक श्वासाला भरपूर हवा जाते, तो वायू उंबरठ्याखाली उतरतो आणि मेंदू श्वास मागायचा थांबतो. घंटा वाजते, रुग्ण दचकून जागा होतो, पुन्हा श्वास, पुन्हा डोळा लागतो, पुन्हा तेच. सकाळी तो गोंधळलेला असतो आणि त्याला गुंगीचे औषध दिले जाते. खरे तर रात्री सपोर्ट २-४ सेंटिमीटरने कमी करायला हवा होता, किंवा रात्रीपुरती ठरावीक श्वासांची पद्धत लावायला हवी होती.

श्वास उशिरा संपण्याच्या चुकीकडे परत येऊ. दीर्घकाळ दम्यासारखा त्रास असलेल्या, धूम्रपानाने फुप्फुसे सैलावलेल्या रुग्णात, ज्याला सीओपीडी म्हणतात, श्वासनलिका अरुंद असतात. हवा हळूहळू भरते, प्रवाहाची रेघ सावकाश उतरते आणि २५ टक्क्यांवर यायला दीड सेकंदही लागतो. रुग्णाचा मेंदू मात्र पाऊण-एक सेकंदातच ‘पुरे’ म्हणालेला असतो. तो श्वास सोडू पाहतो, यंत्र अजून ढकलतेच आहे. दाबाच्या चौकोनी रेघेच्या उजव्या टोकाला एक छोटे शिंग उगवलेले दिसते, ते याच झटापटीचे. आत जास्त हवा गेली, बाहेर पडायला वेळ कमी उरला. हवा आत साठते. पुढचा श्वास मागायच्या वेळी छातीत १० सेंटिमीटर दाब अडकलेला आहे आणि यंत्राचा पीप ५ आहे असे समजा. ट्रिगरपर्यंत पोचायला रुग्णाने आधी हा ५ चा फरक ओढून भरायचा, वर ट्रिगरचे एक-दोन. अशक्त माणसाला ते दर वेळी जमत नाही. तो ओढतो, यंत्राला कळतच नाही.

याला आम्ही वाया गेलेला श्वास म्हणतो, आणि तो पडद्यावर दिसतो. उच्छ्वासाची रेघ शून्याकडे येत असताना मध्येच एक लहान खाच, एक उंचवटा. त्यापाठोपाठ यंत्राचा श्वास नाही. हाताने पाहायचे तर रुग्णाच्या पोटावर तळवा ठेवा आणि एक मिनिट मोजा. हाताखाली २८ प्रयत्न आणि पडद्यावर १४ श्वास, तर निम्मे प्रयत्न फुकट जात आहेत. पडद्यावरचा १४ पाहून ‘श्वास छान सावकाश चालला आहे’ असे कोणी म्हटले तर त्याला हे मोजायला लावावे. आणि इथे सहज सुचणारा उपाय, म्हणजे बिचाऱ्याला दम लागला आहे तर सपोर्ट वाढवा, नेमका उलटा पडतो. सपोर्ट वाढला की आणखी हवा जाते, आणखी साठते, आणखी श्वास वाया जातात. करायचे ते असे: सपोर्ट थोडा कमी करा, श्वास संपवायची टक्केवारी २५ वरून ४०-५० वर न्या, वाटा मोकळ्या करणारी औषधे द्या, स्राव काढा. अडकलेला दाब मोजता आला असेल तर पीप त्याच्या ७०-८० टक्क्यांपर्यंत वाढवा. १० अडकलेला असेल तर ५ वरून ७-८. त्याने ओढायचा फरक दोन-तीन सेंटिमीटरवर येतो. त्यापुढे वाढवला की फुप्फुस नुसते फुगते.

ताठर फुप्फुसात, तंतुमयतेत किंवा तीव्र दाहात, उलट घडते. फुप्फुस पटकन भरते, प्रवाह धाडकन कोसळतो आणि यंत्र लवकर थांबते. रुग्णाचा श्वास अजून चालूच असतो, त्यामुळे लगेच दुसरा ट्रिगर होतो आणि एका प्रयत्नात दोन श्वास एकावर एक चढतात. इथे टक्केवारी १०-१५ पर्यंत उतरवायची.

गळतीचा हिशेबही याच टक्केवारीशी बांधलेला आहे. शिखर ६० लिटर, थांबण्याची रेषा १५ लिटर, आणि श्वासनलिकेत घातलेल्या नळीच्या टोकाशी वाट बंद करणारा जो फुगा असतो, त्याच्या शेजारून मिनिटाला १८ लिटर हवा निसटते आहे. ती भरून काढायला यंत्र १८ लिटर देतच राहणार, मग १५ ची रेषा कधी येणारच नाही. श्वास लांबतच जातो आणि यंत्रातली वेळेची कमाल मर्यादा लागू झाल्यावरच सुटतो. मास्कने दिलेल्या आधारात हे फार दिसते, कारण मास्कच्या कडेने थोडी गळती असतेच. आधी गळती शोधावी. नळीच्या टोकाजवळच्या फुग्यातला दाब मोजावा. तो २० ते ३० सेंटिमीटरच्या दरम्यान हवा. वीसखाली हवा आणि लाळ दोन्ही निसटतात, तिसावर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबू लागतो. गळती थांबत नसेल तर टक्केवारी वाढवावी किंवा वेळेची मर्यादा एक सेकंदाच्या आसपास आणावी.

काही गोष्टी इतक्या साध्या असतात की त्यांच्यावर शंकाच येत नाही. आर्द्र हवेतली वाफ नळ्यांत थिजून पाणी साचते, ते डुचमळते आणि यंत्राला वाटते रुग्णाने श्वास मागितला. रुग्ण शांत, यंत्र मिनिटाला ३० श्वास देते आहे. प्रवाहाच्या रेघेवर करवतीच्या दातांसारखी थरथर दिसली तर आधी नळ्या पाहाव्यात. पाणी सापळ्यात काढावे, रुग्णाच्या दिशेने कधीही ओघळू देऊ नये. कधीकधी हृदयाचे ठोकेसुद्धा ट्रिगर दाबतात. तेव्हा ट्रिगर २ वरून ४-५ लिटरवर न्यावा आणि तसे केल्यावर रुग्णाचे खरे प्रयत्न सुटत नाहीत ना, हे लगेच पाहावे. वाफेने औषध देण्यासाठी बाहेरच्या सिलिंडरवरची नळी जोडली तर नेमका उलटा दोष येतो. बाहेरून आलेल्या हवेमुळे यंत्राला परतीचा प्रवाह कमी झालेला दिसतच नाही, आणि अशक्त रुग्णाचा श्वास पकडला जात नाही. औषध संपेपर्यंत जवळ थांबावे, किंवा यंत्राचीच औषधाची सोय वापरावी.

नळीच्या जाडीचेही असेच. ८ मिलिमीटरऐवजी ७ ची नळी असेल तर तेवढ्याच प्रवाहाला अडथळा पावणेदोन ते दोन पट होतो. स्राव चिकटून ती आतून आणखी अरुंद झाली असेल तर रुग्ण दोन दिवस ‘आधार कमी करणे सोसत नाही’ असे लिहिले जाते, आणि दोष असतो नळीचा. आर्द्रता राखणारा जो छोटा गाळणीसारखा भाग नळीला लावतात, तो ओला होऊन तुंबला तरी हेच. कितीतरी वेळा तो बदलताच श्वास सुधारतो.

आधार कमी करण्याची रीत सांगायची तर रुग्णाचे श्वास ३० च्या आत, चेहरा शांत आणि हवा पुरेशी अशी पातळी शोधून तिथून एका वेळी २ ते ४ सेंटिमीटर उतरायचे. पण रोज थोडे थोडे उतरत राहणे हाच एक मार्ग आहे असे समजू नये. १९९५ साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी १३० रुग्णांवर केलेल्या तुलनेत, दिवसातून एकदा आधार काढून ‘स्वतः श्वास घेऊन पाहा’ अशी चाचणी घेतलेल्या रुग्णांची नळी, प्रेशर सपोर्ट हळूहळू उतरवणाऱ्यांच्या मानाने सुमारे दुप्पट वेगाने निघाली. तेव्हापासून रोजची चाचणी हा नेम झाला. ज्या आजारासाठी नळी घातली तो आटोक्यात आला आहे, रक्तदाबाला औषधांचा मोठा टेकू लागत नाही, ऑक्सिजनची गरज माफक आहे, इतके जमले की चाचणी घ्यायची. आकडा १२ वरून ८ वर येण्याची वाट पाहत दिवस घालवायचे नाहीत.

चाचणीतही प्रेशर सपोर्टच वापरता येतो. २०१९ मध्ये स्पेनमध्येच १,१५३ रुग्णांवर अभ्यास झाला. एका गटाला ८ सेंटिमीटर सपोर्टवर अर्धा तास ठेवले, दुसऱ्याला यंत्रापासून सोडवून टी आकाराच्या नळीवर दोन तास. पहिल्या गटात ८२.३ टक्के रुग्णांची नळी यशस्वीपणे निघाली, दुसऱ्यात ७४ टक्के. नळी पुन्हा घालावी लागण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे होते. म्हणजे पुष्कळांना दोन तास दमवायची गरज नसते. चाचणी चालू असताना श्वास ३५ च्या पुढे राहिले, ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली गेला, नाडी १४० च्या वर किंवा आधीपेक्षा वीस टक्क्यांनी वाढली, वरचा रक्तदाब १८० च्या वर किंवा ९० च्या खाली गेला, घाम व तगमग सुरू झाली, तर चाचणी तिथेच थांबवून रुग्णाला पुन्हा पुरेसा आधार द्यायचा आणि का जमले नाही ते शोधायचे. ज्यांचे हृदय कमकुवत आहे त्यांच्याबाबत आम्ही अधिक सावध असतो. ८ चा सपोर्ट आणि ५ चा पीप हृदयालाही हातभार लावत असतो. तो सुटला की काही तासांत फुप्फुसात पाणी भरू शकते. अशांची चाचणी सपोर्टशिवाय, पीपशिवाय घेतलेली बरी.

चाचणी पार पडली म्हणजे नळी काढता येतेच असेही नाही. श्वास घेणे वेगळे आणि नळीशिवाय घसा मोकळा राखणे वेगळे. खोकला जोरदार आहे का, स्राव दर तासाला काढावा लागतो की चार तासांनी, सांगितलेले समजून हात दाबतो का, नळीमुळे घशाला सूज आली असेल का, हे सगळे पाहिले जाते. म्हणून ‘सपोर्ट फक्त सहावर आहे, तरी नळी का काढत नाहीत?’ या नातेवाइकांच्या प्रश्नात रागावण्यासारखे काही नाही. त्याला नीट उत्तर मिळाले पाहिजे.

नातेवाइकांनी आकडा विचारण्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात. श्वास तो स्वतः सुरू करतो आहे का? श्वास घ्यायला त्याला कष्ट पडत आहेत का, आणि ते तुम्ही कशावरून ठरवता? आज स्वतः श्वास घेण्याची चाचणी झाली का, नसेल तर काय आडवे आले? खाटेशेजारी बसलेल्या माणसाला मानेचा ताठ झालेला स्नायू आणि कपाळावरचा घाम आमच्याइतकाच दिसतो, बरेचदा आधी दिसतो. दिसताच सिस्टरना सांगावे. पडद्यावरचे बटण मात्र दाबू नये, घंटा बंद करण्यासाठीसुद्धा नाही.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. रुग्णालयाच्या निवेदनात रुग्ण प्रेशर सपोर्टवर असल्याचे म्हटले असेल, तर ‘कृत्रिम श्वासोच्छ्वासावर’ असे न लिहिता ‘रुग्ण स्वतः श्वास घेत असून व्हेंटिलेटर त्याला दाबाचा आधार देत आहे’ असे छापावे. वाक्य चार शब्दांनी वाढेल. सपोर्टचा आकडा, तो कोणी सांगितला असला तरी, बातमीत देऊ नये.

आपले,
अतिदक्षता विभागांत काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका व श्वसनतंत्रज्ञ